क्षेपणास्त्र गाठणे आणि चंद्रावर उतरणे: मार्गनिर्देशनाच्या एका अभ्यासवर्गाचे परीक्षण

पुण्यातल्या एका संस्थेने गेल्या डिसेंबरात ‘अरेषीय मार्गनिर्देशन आणि नियंत्रण’ या विषयावर पाच दिवसांचा निवासी अभ्यासवर्ग घेतला. मी सांगली जिल्ह्यातल्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात पंधरा वर्षे कंट्रोल सिस्टिम्स शिकवतो. अंतिम वर्षाचे दोन-तीन विद्यार्थी दरवर्षी हमखास विचारतात की, हवेत वळणारे लक्ष्य क्षेपणास्त्र नेमके कसे गाठते आणि यान चंद्रावर अलगद कसे उतरते. या प्रश्नांना माझ्याकडे सूत्र होते, पण त्या सूत्रामागची समज कमी होती, आणि तीच मिळवण्यासाठी 9,000 रुपये शुल्क, त्यावरचा जीएसटी आणि पाच दिवसांची रजा खर्च करून मी गेलो. संस्थेचे नाव इथे देत नाही, कारण पुढे तक्रारीही आहेत आणि त्या मी संयोजकांना लेखी कळवल्या आहेत. असा वर्ग निवडू पाहणाऱ्याला नावापेक्षा आत काय शिकवले गेले आणि काय राहून गेले हे कळणे अधिक उपयोगाचे आहे.

माझे मत आधीच सांगतो. पैसे वसूल झाले, आणि ते मुख्यतः पहिल्या तीन दिवसांत झाले. लक्ष्याला गाठणे आणि ठरलेल्या जागी उतरणे हे दोन वेगळे विषय नसून एकाच प्रश्नाची दोन रूपे आहेत, हे या वर्गाने जितके स्वच्छ दाखवले तितके मी आजवर कुठे पाहिले नव्हते. पण सूत्राने मागितलेला जोर यंत्राला देता आला नाही तर काय होते, हा या विद्येतला खरा अरेषीय, म्हणजे परिणाम कारणाच्या सरळ प्रमाणात नसलेला, भाग आहे, आणि त्याला मिळायला हवा होता त्याच्या निम्माही वेळ मिळाला नाही.

पहिले दोन दिवस एका निवृत्त शास्त्रज्ञांनी घेतले. आयुष्य क्षेपणास्त्रांच्या सिम्युलेशनमध्ये गेलेल्या या गृहस्थांनी दोन दिवसांत एकही स्लाइड दाखवली नाही. फळा, खडू आणि एक लांब दोरी एवढेच त्यांचे साहित्य होते. पाठलाग करणाऱ्यापासून लक्ष्यापर्यंत जाणारी काल्पनिक रेषा म्हणजे दृष्टिरेषा, हे सांगण्यासाठी त्यांनी दोरीचे एक टोक एका विद्यार्थ्याच्या हाती दिले, दुसरे स्वतः धरले आणि दोघे हॉलमध्ये आडवेतिडवे चालू लागले. दोरी जमिनीच्या फरश्यांच्या रेषांना सतत समांतर राहिली आणि तिची लांबी कमी होत गेली, तर दोघांची गाठ पडणारच. दोरी फिरू लागली की कुणीतरी पुढून किंवा मागून निसटणार. मार्गनिर्देशनाचे मूळ एवढेच आहे, असे ते म्हणाले.

त्यावर हर्णैकडचा एक मुलगा उठून म्हणाला, ‘‘सर, हे आमच्याकडे होडीवर सगळ्यांना ठाऊक असतं. माझे वडील तांडेल आहेत. समोरची होडी डोलकाठीच्या शेजारी एकाच जागी दिसत राहिली आणि मोठी होत गेली, तर सुकाणू फिरवायचं. ती पुढं किंवा मागं सरकत असली, तर काळजी नाही.’’ सर क्षणभर थांबले आणि म्हणाले, ‘‘तुझे वडील टक्कर टाळण्यासाठी जे बघतात, तेच क्षेपणास्त्र टक्कर घडवण्यासाठी बघतं. आपल्या सूत्रात फक्त चिन्ह उलटं आहे.’’ त्यानंतरचे दोन्ही दिवस फळ्याच्या कोपऱ्यात एक होडी काढलेली होती आणि ती कुणी पुसली नाही.

या तत्त्वावर उभा असलेला नियम प्रपोर्शनल नॅव्हिगेशन, म्हणजे बोलीत ‘पीएन’, या नावाने ओळखला जातो. दृष्टिरेषा ज्या गतीने फिरते तिला जवळ येण्याच्या वेगाने आणि एका स्थिरांकाने गुणायचे, आणि येईल तेवढा प्रवेग दृष्टिरेषेला आडवा द्यायचा. स्थिरांक बहुधा 3 ते 5 यांच्या दरम्यान ठेवतात. अमेरिकेच्या ‘लार्क’ क्षेपणास्त्राने 1950 च्या डिसेंबरात या नियमाने पहिल्यांदा लक्ष्य गाठले, आणि पुढे साठच्या दशकात असे सिद्ध झाले की, लक्ष्य सरळ जात असेल आणि यंत्रणेत विलंब नसेल, तर स्थिरांक 3 ठेवल्यास कमीत कमी श्रमात काम होते. वापर आधी आणि सिद्धता मागाहून, असा हा क्रम आहे.

सरांनी दिलेले एक उदाहरण इथे पूर्ण मांडतो, कारण सगळ्या वर्गाचा गाभा त्यात होता. जवळ येण्याचा वेग सेकंदाला 1,000 मीटर आहे, दृष्टिरेषा सेकंदाला 0.02 रेडियन फिरते आहे, स्थिरांक 4 आहे आणि गाठ पडायला 5 सेकंद उरले आहेत. तिघांचा गुणाकार 80, म्हणजे 80 मीटर प्रति सेकंद वर्ग, सुमारे 8 जी (पृथ्वीच्या गुरुत्वाच्या आठपट) इतका प्रवेग मागितला जाईल. आता तेच दुसऱ्या बाजूने बघा, असे म्हणून त्यांनी विचारले की, या क्षणापासून क्षेपणास्त्राने काहीच केले नाही तर ते किती अंतराने चुकेल? उत्तर 500 मीटर येते. ज्याला ‘झीरो एफर्ट मिस’ म्हणतात ते हे अंतर, आपण ‘आयती चूक’ म्हणू. या आयत्या चुकीला उरलेल्या वेळेच्या वर्गाने भागले आणि 4 ने गुणले की पुन्हा तेच 80 येतात. म्हणजे पीएन हा दिसायला कोनांचा नियम असला तरी आतून तो भविष्यवाणी करतो आणि त्या भविष्यातली चूक उरलेल्या वेळात वाटून फेडत जातो. मग त्यांनी विचारले की, हीच 500 मीटरची चूक 2 सेकंद उरेपर्यंत तशीच ठेवली तर? उत्तर 500 मीटर प्रति सेकंद वर्ग, म्हणजे 50 जी हून अधिक. ‘‘उधारी तीच आहे, फक्त मुदत कमी झाली,’’ असे ते म्हणाले, आणि मागच्या बाकावरची कुजबुज थांबली.

याच ठिकाणी रेषीय गणित संपते. टकरीच्या मार्गापासून कोन लहान आहेत असे धरले तर साइन आणि कोसाइन गळून पडतात आणि सारे हिशेब कागदावर सुटतात. पण समोरून येणारे लक्ष्य शेवटच्या सेकंदांत झटका देऊन वळले, की कोन लहान राहत नाहीत, उरलेल्या वेळेचा अंदाज चुकतो आणि पंखांची फिरण्याची मर्यादा आड येते. भारताने 27 नोव्हेंबर 2006 रोजी सुमारे 48 किलोमीटर उंचीवर येणारे क्षेपणास्त्र पाडून दाखवले, त्या उंचीचा उल्लेख करून सर म्हणाले की, तिथे हवा इतकी विरळ असते की पंख फिरवून फारसे काही साधत नाही आणि वळण्यासाठी छोट्या झोतांची मदत घ्यावी लागते. पुढच्या वर्षी, 6 डिसेंबर 2007 रोजी, सुमारे 15 किलोमीटर उंचीवर लक्ष्य गाठणारे दुसरे क्षेपणास्त्र यशस्वी झाले, तेव्हा परिस्थिती निराळी होती. सूत्र एकच असले तरी ते पाळणारे हात वेगळे असतात, हे वाक्य मी वहीत अधोरेखित करून ठेवले आहे.

तिसऱ्या दिवसाचा विषय स्लाइडिंग मोड नियंत्रण हा होता आणि तो एका तरुण प्राध्यापिकेने घेतला. मला सगळ्यात जास्त आवडलेला दिवस हाच. सोव्हिएत रशियात पन्नाशी-साठीच्या दशकांत येमेल्यानोव्ह, उत्किन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घडवलेली ही पद्धत पुस्तकात फार रूक्ष वाटते. मॅडमनी ती अशी मांडली: दृष्टिरेषेची फिरण्याची गती शून्य असणे ही आपली इष्ट स्थिती, त्या स्थितीच्या एका बाजूला असलो तर पूर्ण जोराने इकडे ढकलायचे, दुसऱ्या बाजूला गेलो तर पूर्ण जोराने तिकडे. लक्ष्य नेमके किती वळणार हे ठाऊक असण्याची गरज नाही. ते जास्तीत जास्त किती वळू शकते एवढे माहीत असले आणि आपला जोर त्याहून मोठा असला, की काम झाले. ही गोष्ट खरी ठरते याची हमी रशियन गणिती लियापुनोव्ह यांनी 1892 च्या प्रबंधात मांडलेल्या विचारातून मिळते: चुकीच्या वर्गासारखी एक राशी घ्यायची आणि ती काहीही झाले तरी घटतच जाते एवढे दाखवायचे. मॅडमनी ही सिद्धता फळ्यावर चार ओळींत करून दाखवली आणि पाचव्या ओळीत, वेगळ्या रंगाच्या खडूने, ‘आज्ञा पाळली जाते हे गृहीत’ असे लिहिले. ती पाचवी ओळ पुढे मला सारखी आठवत राहिली.

मग त्यांनी टेबलावर खेळण्यातल्या विमानांत वापरतात तसली एक छोटी सर्व्हो मोटर ठेवली आणि तिला हा ‘इकडे पूर्ण, तिकडे पूर्ण’ नियम लावला. मोटरचा दांडा ठरलेल्या जागी जाऊन पोचला आणि तिथे थरथरू लागला. मधमाश्यांच्या पोळ्याजवळ येतो तसा आवाज सगळ्या खोलीत भरला, आणि दोनेक मिनिटांनी त्यांनी आम्हाला मोटरला हात लावून पाहायला सांगितले, तेव्हा ती चांगलीच तापली होती. पुस्तकात ज्याला ‘चॅटरिंग’ म्हणतात आणि एका करवती रेघेने दाखवतात, ते प्रत्यक्षात असे असते. त्यानंतर त्यांनी प्रोग्रॅममधली एकच ओळ बदलली: शून्याच्या आसपास एक अरुंद पट्टा ठेवला आणि त्या पट्ट्यात पूर्ण जोराऐवजी चुकीच्या प्रमाणात जोर दिला. आवाज तात्काळ थांबला. किंमत म्हणून चूक अगदी शून्यावर जात नाही, पट्ट्याच्या आत कुठेतरी राहते, हेही त्यांनी दांड्याच्या टोकाशी लावलेल्या पट्टीवर दाखवले. अचूकता ठेवून थरथर घालवण्याचा लेवंट यांचा 1993 चा मार्ग, म्हणजे थेट आज्ञेऐवजी आज्ञेच्या बदलाला झटके देण्याचा, त्यांनी शेवटच्या तासात सांगितला. तो समजायला मला रात्री पुन्हा वही उघडावी लागली, पण समजला.

चौथा दिवस यान उतरवण्याचा. सकाळच्या सत्रात मॅडमनी एक सुरेख दुवा जोडून दिला. गाठण्याच्या प्रश्नात शेवटी जागा जुळली की पुरते, वेग काहीही असो. उतरण्याच्या प्रश्नात जागाही जुळायला हवी आणि वेगही शून्य व्हायला हवा. म्हणून आयत्या चुका दोन होतात: काहीच केले नाही तर जागा किती चुकेल ही एक, आणि वेग किती चुकेल ही दुसरी. पहिलीला 6 ने गुणून उरलेल्या वेळेच्या वर्गाने भागायचे, दुसरीला 2 ने गुणून उरलेल्या वेळेने भागायचे आणि पहिल्यातून वजा करायचे. फक्त जागेची अट ठेवली की हेच सूत्र 3 या स्थिरांकाच्या पीएनवर येऊन थांबते. अजूनही फळ्याच्या कोपऱ्यात असलेल्या होडीकडे बोट दाखवून त्या म्हणाल्या, ‘‘आता ही होडी धक्क्याला लावायची आहे.’’ सगळ्या वर्गाच्या चेहऱ्यावर एकदम उजेड पडला, आणि शिक्षक म्हणून सांगतो, असा क्षण वर्षातून एक-दोनदाच मिळतो.

अपोलोच्या चांद्रयानाचे मार्गनिर्देशन याच कुळातले होते. ॲलन क्लम्प यांनी रचलेला तो नियम दर दोन सेकंदांनी नवी आज्ञा काढत असे, आणि ज्या संगणकावर तो चालला त्याची बदलता येणारी स्मृती अवघी 2,048 शब्दांची होती. त्या यानाच्या उतरण्याच्या इंजिनाची एक गोष्ट मॅडमनी सांगितली ती मला नवी होती: ते इंजिन पूर्ण जोराने चालत असे किंवा साधारण 65 टक्क्यांच्या खाली चालत असे, मधल्या पट्ट्यात, म्हणजे सुमारे 92 टक्क्यांपर्यंत, ते चालवले तर नॉझलची, म्हणजे झोत बाहेर पडण्याच्या तोंडाची, झीज होत असे. त्यामुळे सूत्राने 80 टक्के मागितले तरी ते देता येत नव्हते, आणि सगळा उतार असा आखला होता की सुरुवातीचा मोठा टप्पा पूर्ण जोरातच जावा आणि मागणी पुरेशी खाली आल्यावरच इंजिन मंद करावे. यंत्राची खोड ओळखून सूत्राला वळण लावण्याचे याहून चांगले उदाहरण मला ठाऊक नाही, आणि याच उदाहरणावर पूर्ण दुपार खर्च करायला हवी होती. ते दहा मिनिटांत आटोपले.

दुपारचे सत्र उद्योगक्षेत्रातून आलेल्या एका पाहुण्यांना दिले होते, आणि त्यांनी स्लाइडच्या मागून स्लाइड दाखवत मंगळ, चंद्र आणि परत येऊन उभी राहणारी रॉकेटे यांचा धावता आढावा घेतला. इंजिनाला जशी वरची मर्यादा असते तशी खालचीही असते, कारण एकदा पेटलेले मोठे इंजिन हवे तितके मंद करता येत नाही. या खालच्या मर्यादेमुळे इष्टतम मार्ग शोधण्याचे गणित अवघड होते, आणि आचिकमेशे आणि प्लोएन यांनी 2007 मध्ये तो प्रश्न बहिर्वक्र रूपात, म्हणजे सापडलेले उत्तर हेच सर्वोत्तम असते अशा रूपात, आणून, उत्तरात काहीही न गमावता, कसा सोडवला ही आजच्या या क्षेत्रातली फार महत्त्वाची गोष्ट आहे. तिला एक स्लाइड मिळाली. माझ्या शेजारी बसलेल्या एका तरुण अभियंत्याने प्रश्न विचारला तेव्हा ‘नंतर बोलू’ असे उत्तर मिळाले, आणि पाहुणे चहाच्या आधीच निघून गेले.

त्याहून मोठी रुखरुख चांद्रयानांची आहे. या विषयावर भारतीय वर्गात बोलताना चांद्रयान-2 च्या अपयशाची 7 सप्टेंबर 2019 ची रात्र आणि चांद्रयान-3 च्या यशाची 23 ऑगस्ट 2023 ची संध्याकाळ या दोन तारखा शेजारी शेजारी ठेवून अर्धा दिवस द्यायला हवा. इस्रोचे तेव्हाचे अध्यक्ष एस. सोमनाथ यांनी 2023 मध्ये चांद्रयान-2 च्या अपयशाची कारणे जाहीरपणे सांगितली होती. इंजिनांनी अपेक्षेहून अधिक जोर दिला. छायाचित्रे घेण्याच्या टप्प्यात यान स्थिर ठेवायचे असल्याने चूक त्या वेळी सुधारता आली नाही आणि साचत गेली. तो टप्पा संपल्यावर यानाला फार झपाट्याने वळावे लागले, पण वळण्याच्या गतीवर मर्यादा घातलेली होती. आणि उतरण्याची जागा 500 मीटर बाय 500 मीटर इतकी लहान ठरवलेली असल्यामुळे यान ती गाठण्याच्या धडपडीत राहिले. सरांच्या ‘उधारी तीच, मुदत कमी’ या वाक्याचा यात शब्दन्‌शब्द प्रत्यय येतो, आणि मॅडमच्या पाचव्या ओळीचाही. चांद्रयान-3 मध्ये जागा सुमारे 4 किलोमीटर बाय 2.4 किलोमीटर केली, मधले पाचवे इंजिन काढून 800 न्यूटनची चार ठेवली, इंधन वाढवले, पाय अधिक मजबूत केले आणि वेग थेट मोजणारे लेझर उपकरण बसवले. यांतले बहुतेक बदल सूत्राच्या भोवतालच्या मर्यादा सैल करणारे आहेत. एवढे बोलके उदाहरण हाताशी असताना आम्हाला उतरण्याच्या क्षणाच्या टाळ्यांची चित्रफीत दाखवली गेली. त्या टाळ्यांनी माझेही डोळे भरून आले, पण शिकायला मिळाले नाही.

एक छोटा हिशेब मी रात्री वसतिगृहात केला तो सांगतो. चांद्रयान-3 मधून उतरलेल्या विक्रम यानाचे रोव्हरसह वजन सुमारे 1,752 किलो होते. चारही इंजिने पूर्ण जोराने चालली तर 3,200 न्यूटन, म्हणजे सुरुवातीला सुमारे 1.83 मीटर प्रति सेकंद वर्ग इतकाच प्रवेग मिळतो. पहिल्या, खडबडीत ब्रेक लावण्याच्या टप्प्यात 690 सेकंदांत आडवा वेग सेकंदाला 1,680 मीटरवरून 358 वर आणायचा होता, म्हणजे सरासरी सुमारे 1.9. इंधन जळत जाऊन यान हलके होते म्हणूनच हा हिशेब जुळतो. क्षेपणास्त्राच्या उदाहरणात आपण 80 मागत होतो. इथे सगळी ताकद दोनच्या आसपास आहे आणि तिच्यातली जवळपास सगळी आधीच खर्ची पडलेली आहे. हा फरक वर्गात कुणीतरी फळ्यावर लिहायला हवा होता.

पाचवा दिवस प्रयोगशाळेचा. ऑक्टेव्ह हे मोफत सॉफ्टवेअर वापरले हे फार चांगले झाले, कारण आमच्यासारख्या छोट्या महाविद्यालयांतून आलेल्यांना घरी परत जाऊन तेच प्रोग्रॅम चालवता येतात. पण दिलेल्या छापील कागदात उतरण्याच्या सूत्रातले वजाबाकीचे चिन्ह अधिक असे छापले गेले होते. तासभर सगळ्यांची याने पडद्यावर ठरलेल्या जागी बरोबर जात होती आणि शेवटच्या क्षणी वेगाची चूक आणि जोराची मागणी दोन्ही एकदम आकाशाला भिडत होती. प्रयोगशाळेतले साहाय्यक ‘स्टेप साइझ (हिशेबातली वेळेची पायरी) लहान करा’ एवढेच सांगत राहिले. चूक सापडली ती हर्णैच्या त्याच मुलाला: त्याने संगणक बाजूला ठेवून आदल्या दिवशीच्या वहीतले सूत्र काढले आणि ओळीवर ओळ ठेवून तपासले. चिन्ह सुधारल्यावर जोराची मागणी वेळेनुसार सरळ रेषेत बदलताना दिसली, जशी सिद्धान्ताप्रमाणे दिसायला हवी. इतके शुल्क घेणाऱ्या वर्गाच्या छापील कागदात अशी चूक असू नये, हे मी संयोजकांना स्पष्ट लिहिले आहे.

उरलेल्या वेळात मी त्याच प्रोग्रॅममध्ये जोराला मर्यादा घालून पाहिली, कारण वर्गात ते कुणी केले नव्हते. चंद्राचे गुरुत्व 1.62 मीटर प्रति सेकंद वर्ग, उंची 800 मीटर, खाली येण्याचा वेग सेकंदाला 60 मीटर, आणि इंजिनाचा प्रवेग जास्तीत जास्त 4. उतरायला 20 सेकंद धरले तर सूत्र सुरुवातीला अवघे 1.62 मागते आणि शेवटी 7.62 मागणार असते. 8 सेकंदांच्या सुमारास मागणी 4 ला टेकते आणि तिथून पुढे कितीही जोर लावला तरी यान सेकंदाला सुमारे 30 मीटर वेगाने जमिनीवर आदळते. तेच यान, तेच सूत्र, पण 27 सेकंद धरले तर मागणी सगळा वेळ 3.76 आणि 3.93 यांच्यामध्ये राहते आणि यान अलगद टेकते. सूत्राला मर्यादेची जाणीव नसते. पहिल्या 8 सेकंदांत ते निवांत राहते आणि तेवढ्यात हातची संधी जाते. सात सेकंदांच्या या फरकाने मला चार दिवसांच्या व्याख्यानांची जोडणी लागली. पुढच्या वर्गात हा प्रयोग कागदावर पहिल्या पानावर असावा, अशी सूचना मी आकड्यांसह पाठवली आहे.

मोजमाप आणि अंदाज यांचा भाग वर्गात जवळजवळ नव्हताच. पाच दिवसांत सगळे बसत नाही हे मान्य; तरी उरलेला वेळ आणि लक्ष्याची जागा कुठून कळते यावर एक तास हवा होता. 25 फेब्रुवारी 1991 रोजी सौदी अरेबियातल्या धहरानला पॅट्रियट या क्षेपणास्त्रविरोधी यंत्रणेच्या घड्याळात 100 तास सलग चालल्यामुळे सुमारे 0.34 सेकंदाची चूक साचली होती; रडार येणारे क्षेपणास्त्र भलत्या जागी शोधत राहिले आणि 28 अमेरिकी सैनिक मारले गेले. तिथे मार्गनिर्देशनाची वेळच आली नाही.

जेवण साधे आणि वेळेवर होते, खोल्या स्वच्छ होत्या, आणि ग्रंथालय रात्री दहापर्यंत उघडे ठेवले होते, ज्याचा मला फार उपयोग झाला. 34 जणांच्या वर्गात प्रश्न विचारायला कुणी संकोचत नव्हते. निम्मे लोक मराठीत विचारत आणि सर-मॅडम दोघेही मराठीतच उत्तर देत, मग इतरांसाठी इंग्रजीत सांगत.

हा वर्ग कुणी करावा असे विचाराल तर, ज्याला डिफरन्शिअल समीकरणे हाताने सोडवायची सवय आहे आणि जो स्वतःचा प्रोग्रॅम स्वतः लिहू शकतो, त्याने जरूर करावा. केवळ प्रमाणपत्रासाठी येणाऱ्याला दुसऱ्या दिवशीच जड जाईल. उतरण्याचा विषय मुख्य असेल तर मात्र चौथ्या दिवसाची दुपार कोण घेणार आहे हे आधी विचारून घ्यावे. उन्हाळ्यात पुढचा वर्ग आहे असे संयोजकांनी कळवले आहे आणि त्या दुपारी मॅडमच शिकवतील असे उत्तर मला आले आहे. माझ्या अंतिम वर्षाच्या दोन विद्यार्थिनींची नावे मी पाठवली आहेत, आणि त्यांच्याबरोबर वजाबाकीचे चिन्ह सुधारलेला तो कागद.